वैनगंगेचा शेरखान : एका पात्रसमूहाच्या नातेसंबंधांचा इतिहास

१

भंडारा शहराजवळून वाहणारी वैनगंगा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना एका जुन्या वादामुळे परिचित आहे. मुकुंदराजाने शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला तो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यास की मराठवाड्यातील आंबेजोगाईस, हा तो वाद. त्याचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्याचा उल्लेख करण्याचे कारण एवढेच की, मराठी ग्रंथरचनेच्या आरंभाशी जिचे नाव परंपरेने जोडले आहे, तीच नदी इंग्रजी बालवाङ्मयातील एका अत्यंत गाजलेल्या पुस्तकाचीही भूमी आहे आणि हा दुसरा संबंध आपण सहसा लक्षात घेत नाही. रुडयार्ड किपलिंग याच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) व ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) या कथासंग्रहांतील मोगलीच्या कथा सिवनीच्या डोंगरांत घडतात, आणि त्यांतील शेरखान हा लंगडा वाघ वैनगंगेच्या काठी राहतो, असे किपलिंगने पहिल्याच कथेत सांगितले आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून वैनगंगा बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते, भंडारा जिल्ह्यातून वाहत पवनीवरून पुढे चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. किपलिंगने या कथा लिहिल्या त्या काळी सिवनी आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत या एकाच शासकीय विभागात मोडत होते. त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली ती १९५६ साली.

या कथांतील अस्वल, बिबळ्या, वाघ, अजगर आणि माकडे यांनी पुढील शंभर वर्षांत अनेक माध्यमांतून प्रवास केला. त्या प्रवासातील एक टप्पा ‘टेलस्पिन’ हा आहे. वॉल्ट डिस्नी कंपनीने १९९० मध्ये दूरचित्रवाणीसाठी काढलेली ही सचेतपटांची विनोदी मालिका नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदी रूपात रविवारी दाखविली जात असे. तीमध्ये बालू हा मालवाहू विमानाचा चालक आहे, शेरखान हा एका प्रचंड उद्योगसमूहाचा मालक आहे आणि माकडांचा राजा लुई एक मद्यगृह चालवतो. वैनगंगेच्या काठी घराघरांत ही मालिका पाहणाऱ्या मुलांना, पडद्यावरचा तो कोट-टाय घातलेला वाघ मूळचा आपल्याच नदीकाठचा आहे, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

हा योगायोग गमतीचा म्हणून सोडून देता येईल. परंतु पात्रे तीच ठेवून त्यांच्यातील नाती बदलत गेली की त्या बदलांतून काय वाचता येते, हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. प्रॉपने १९२८ साली लोककथेचे रूपशास्त्र मांडताना पात्रांपेक्षा त्यांची कृत्ये स्थिर असतात असे दाखविले : कधी म्हातारी, कधी गरुड, कधी राजा नायकाला साहाय्य करील, पण ‘साहाय्य’ हे कृत्य टिकून राहते. येथे आपल्यासमोर नेमके याच्या उलट उदाहरण आहे. नावे आणि कातडी टिकली आहेत. कृत्ये आणि नाती मात्र प्रत्येक संहितेत नव्याने वाटली गेली आहेत. या फेरवाटपाचा क्रम लावणे आणि त्यात कोणाला जागा मिळाली व कोणाची जागा गेली हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. मोगलीच्या कथा त्याने अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहत असताना लिहिल्या. सिवनीच्या जंगलात तो स्वतः गेला असल्याचा पुरावा नाही. त्या प्रदेशाची माहिती त्याला पुस्तकांतून मिळाली, आणि त्यांत रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याच्या सिवनीविषयीच्या १८७७ च्या पुस्तकाचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे आरंभबिंदूलाच वैनगंगा ही पाहिलेली नदी नसून वाचलेली नदी आहे. पुढे जे घडले त्याची बीजे या वस्तुस्थितीत आहेत.

मूळ कथांतील नात्यांचे सूत्र ‘कायदा’ हे आहे. लांडग्यांच्या टोळीत मोगलीला प्रवेश मिळतो तो ममतेने नव्हे, कायद्याने. आईबाप सोडून आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, असा नियम आहे. बालू बोलतो, कारण पिल्लांना कायदा शिकविण्याचे काम त्याच्याकडे असल्यामुळे सभेत बोलण्याचा त्याला अधिकार आहे. बघीराला तसा अधिकार नाही, म्हणून तो एका मारलेल्या बैलाची किंमत मोजतो. मोगलीचे टोळीतील स्थान असे एका साक्षीवर आणि एका व्यवहारावर उभे आहे. बालू हा कठोर पंतोजी आहे. तो शिष्याला चापट्या मारून शिकवतो. बघीरा मात्र त्या मारामुळे हळहळतो, लाड करतो. बालूचे म्हणणे असे की, अज्ञानामुळे जीव जाण्यापेक्षा प्रेमाच्या माणसाकडून अंग ठेचलेले बरे. वानरांनी मोगलीला पळवून नेल्यानंतर बालू, बघीरा आणि का अजगर त्याची सुटका करतात; पण सुटकेनंतरही बघीराला त्याला शिक्षा करावीच लागते, कारण पश्चात्ताप झाला म्हणून कायद्यातील शिक्षा माफ होत नाही.

हा अजगरही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची भीती सर्वांना आहे, वानरांना तर त्याच्यासमोर पाय उचलता येत नाही. तरीही तो मोगलीचा वडीलधारा सल्लागार आहे. रानकुत्र्यांचा कळप दख्खनेतून उत्तरेकडे चालून येतो तेव्हा त्यांना वैनगंगेच्या घळीतील मधमाश्यांच्या तोंडी देण्याची युक्ती त्याच्याच सल्ल्याने ठरते. भय आणि आदर ही दोन्ही एकाच नात्यात नांदू शकतात, हे किपलिंगच्या कथांचे मोठे बळ आहे.

परंतु हा ‘कायदा’ कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. माणसाला मारू नये असा नियम प्राण्यांमध्ये आहे. त्याचे खरे कारण किपलिंग स्वतःच सांगून टाकतो : माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदुका घेतलेले गोरे लोक आणि त्यांच्याबरोबर शेकडो हाकारे येतात, आणि मग जंगलात सर्वांनाच भोगावे लागते. म्हणजे जंगलाच्या सनातन वाटणाऱ्या कायद्यामागे साम्राज्याची बंदूक उभी आहे. १८७८ च्या वन कायद्याने मध्य प्रांतासह ब्रिटिश हिंदुस्थानातील मोठी जंगले सरकारी राखीव क्षेत्र झाली होती. ‘जंगल बुक’च्या आधी, १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन द रुख’ या कथेत प्रौढ मोगली शेवटी वनखात्याचा नोकरच होतो. कथेतील कायदा आणि खात्यातील कायदा यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

त्या जंगलात माणसे राहत होती. गोंडांचा उल्लेख किपलिंगने केला आहे, पण कथेच्या कडेकडेने. हत्ती आणि इतर प्राणी गाव उद्ध्वस्त करू लागतात तेव्हा घाबरलेले गावकरी एका गोंड मुखियाला बोलावतात. तो फारसे बोलत नाही. देवळाच्या दारावर रानकारल्याची वेल बांधतो आणि गाव सोडून जाण्याची खूण करतो. या जंगलाची भाषा ज्याला खरोखर येते असा हा एकमेव माणूस आहे, आणि त्याला कथेत ना नाव आहे, ना मोगलीशी काही नाते. जंगलाचा ज्ञाता म्हणून जी जागा गोंडाची होती, ती लांडग्यांनी वाढविलेल्या मुलाला मिळाली आहे. नातेसंबंधांच्या या इतिहासातील पहिली अनुपस्थिती ही आहे.

किपलिंगनंतर या नात्यांना संस्थेचे रूपही मिळाले. बेडन-पॉवेल याने १९१६ साली लहान मुलांसाठी बालवीरांची शाखा काढली तेव्हा अकेला, बालू, बघीरा ही नावे पथकाच्या प्रमुखांना दिली. कथेतील गुरुशिष्यसंबंध आता कवायतीच्या मैदानावर आला. ही पात्रे पुढे विनोदी होण्यापूर्वी शिस्तीची प्रतीके झाली होती, हे ध्यानात ठेवावे लागते; कारण विनोदाला उलथवण्यासाठी आधी काहीतरी उभे असावे लागते.

३

डिस्नीचा ‘द जंगल बुक’ हा सचेतपट १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. बिल पीट याने केलेले पहिले पटकथालेखन किपलिंगच्या गंभीर वृत्तीला धरून होते. ते वॉल्ट डिस्नी याला पटले नाही आणि पीट कंपनी सोडून गेला. पुढे जे तयार झाले त्यात नात्यांची सरळ अदलाबदल आहे. कठोर बालू आळशी, गाणारा, नदीत पाठीवर पडून वाहत जाणारा मित्र झाला. लाड करणारा बघीरा शिस्तप्रिय, काळजीने त्रस्त पालक झाला. मोगलीचा सल्लागार असलेला अजगर फजीत होणारा खलपुरुष झाला. धीरगंभीर हाथी हा निवृत्त इंग्रज कर्नलचे विडंबन झाला. आणि ज्यांना राजाच नाही, म्हणून जे हिणकस, असे किपलिंगने म्हटले होते, त्या वानरांना लुई नावाचा राजा मिळाला. हे पात्र पूर्णपणे डिस्नीचे आहे. माणूस होऊ पाहणाऱ्या, जॅझच्या ठेक्यावर नाचणाऱ्या या माकडात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे उपहासचित्र आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

या अदलाबदलीमागे केवळ बालप्रेक्षकांची सोय नाही. कायदा काढून घेतला की नात्यांना दुसरा आधार लागतो. डिस्नीने तो आधार विजोड जोडीच्या विनोदात शोधला. एक व्यवहारी आणि एक बेफिकीर, एक बोलका आणि एक वैतागलेला, अशा दोघांना एका वाटेवर सोडून दिले की कथा आपोआप चालते. आपल्याकडे चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांनी हेच केले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी मुंबई दूरदर्शनवर ती जोडी उभी केली तेव्हा या रूपबंधाची दूरचित्रवाणीशी असलेली जवळीक आपण अनुभवली आहे. विजोड जोडीतील माणसे बदलत नाहीत; त्यांचे नातेच दर वेळी नव्याने तपासले जाते. म्हणून हा रूपबंध मालिकेला सोयीचा ठरतो. डिस्नीच्या चित्रपटाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. मोगली पाण्याला आलेल्या मुलीच्या मागे गावात निघून जातो आणि पडद्यावर उरतात ते बालू व बघीरा, खांद्याला खांदा लावून नाचत परतणारे. मूळ कथेचा नायक निघून गेला आणि त्याचे दोन पालकच विनोदी जोडी म्हणून मागे राहिले. तेवीस वर्षांनी आलेल्या मालिकेचे बीज या दृश्यात दिसते.

त्याच १९६७ साली मॉस्कोत रोमान दाविदोव याने ‘माउगली’ या पाच भागांच्या सचेतपटमालिकेला आरंभ केला. ती १९७१ मध्ये पूर्ण झाली. तीत किपलिंगचे गांभीर्य कायम आहे आणि का पुन्हा सल्लागाराच्या भूमिकेत आहे. मात्र बघीरा मादी आहे, कारण रशियन भाषेत त्या प्राण्याचे नाम स्त्रीलिंगी आहे. भाषेच्या एका व्याकरणिक कोटीमुळे मित्राच्या जागी मातृसदृश स्त्री आली आणि सगळ्या नात्याचा स्वर पालटला. पात्र हे मनुष्यस्वभावाचे चित्र असण्याआधी भाषेची निर्मिती असते, या संरचनावादी विधानाला याहून सुलभ उदाहरण मिळणे कठीण आहे.

४

‘टेलस्पिन’चे पासष्ट भाग १९९० ते १९९१ या काळात अमेरिकेत प्रक्षेपित झाले. जिम मॅगन आणि मार्क झॅस्लोव हे तिचे कर्ते. मोगली नाही, बघीरा नाही, अजगर नाही, जंगलही नाही. १९३० च्या दशकाची आठवण देणारे केप सुझेट नावाचे एक काल्पनिक बंदर आहे, आणि त्यात केवळ माणसांसारखे वागणारे प्राणी राहतात. बालू कर्ज फेडू न शकल्याने त्याचा विमानवाहतुकीचा धंदा रिबेका कनिंगहॅम ही अस्वलीण विकत घेते. ती एका लहान मुलीची आई आहे, शिकलेली आहे, हिशेबाला पक्की आहे. बालू ज्या विमानाचा मालक होता, त्याच विमानावर तो आता तिचा नोकर आहे. त्यांच्यात येऊन पडतो किट नावाचा एक अनाथ पोर, जो आकाशातील लुटारूंच्या टोळीतून पळून आला आहे. मालक-नोकर या संबंधातील कुरबुरीसाठी कर्त्यांनी ‘चीअर्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेतील मद्यगृहाच्या व्यवस्थापिकेचा आदर्श समोर ठेवला होता.

येथे काय घडले ते नीट पाहावे. किपलिंगच्या कथेत मोगलीला टोळीत घेण्यासाठी जो बैल मोजला गेला, त्या जागी आता कर्जाचा कागद आहे. १९६७ च्या चित्रपटातील बेफिकीर बालूला प्रथमच उपजीविका करावी लागत आहे, आणि उपजीविका आली की मालकही आला. बालू-बघीरा या जोडीची जागा बालू-रिबेका या जोडीने घेतली. शिस्त आता पालकाच्या तोंडून न येता हिशेबाच्या वहीतून येते. मोगलीच्या जागी किट आहे, पण दोघांच्या पोरकेपणात भेद आहे. मोगलीला जंगलाने कायद्यानुसार स्वीकारले. किट आणि बालू एकमेकांना निवडतात. रक्ताचे नाते नसलेला पुरुष, त्याची मालकीण, तिची मुलगी आणि एक पळून आलेला मुलगा यांचे एक घर तयार होते. कोणतीही संस्था त्याला मान्यता देत नाही, तरी ते टिकते.

आणि शेरखान? मूळचा लंगडा, गुरे मारणारा, तरुण लांडग्यांना फितवणारा वाघ येथे गगनचुंबी इमारतीत बसतो. त्याच्या कंपनीचे तेल आहे, जहाजे आहेत, स्वतःचे हवाईदल आहे. तो डरकाळी फोडत नाही; सौम्य, थंड आवाजात बोलतो. परिस्थितीनुसार तो बालूचा ग्राहक असतो, कधी प्रतिस्पर्धी, कधी आधारही. म्हणजे खलत्व हा त्याचा स्वभाव राहिला नाही, तो त्याच्या व्यवहाराचा एक भाग झाला. ग्रेमासच्या परिभाषेत सांगायचे तर, प्रतिस्पर्धी आणि साहाय्यक ही दोन्ही स्थाने एकाच पात्राने भागानुसार आलटून पालटून व्यापली आहेत. भांडवलाचे याहून नेमके चित्र करमणुकीच्या मालिकेत क्वचितच आले असेल : त्याच्याशी कायमचे वैर धरता येत नाही, कारण पुढच्या आठवड्याचा माल त्याचाच वाहायचा असतो.

भारतात ही मालिका आली तो काळही अर्थपूर्ण आहे. १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले, आणि त्याच दशकात उपग्रह वाहिन्यांशी स्पर्धा करू लागलेल्या दूरदर्शनने परदेशी सचेतपट हिंदीत आणले. १९९३ मध्ये जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची बावन्न भागांची ‘जंगल बुक’ मालिकाही आली. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत लाभलेले तिचे शीर्षकगीत त्या पिढीच्या स्मरणात आहे, आणि तीतील शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा होता. तीत लांडग्यांचे कुटुंब केंद्रस्थानी परत आले होते आणि का पुन्हा मित्र झाला होता. म्हणजे एकाच दशकात, एकाच पडद्यावर, भारतीय बालकाने दोन शेरखान पाहिले : एक जंगलातला शत्रू आणि एक कंपनीचा अध्यक्ष. दोघेही हिंदी बोलत होते.

५

या हिंदी बोलण्यात एक गोष्ट घडते, जी मूळ इंग्रजी प्रेक्षकाला अनुभवता येत नाही. किपलिंगने आपल्या पात्रांना हिंदुस्थानी शब्दांवरून नावे दिली : भालूवरून बालू, बाघवरून बघीरा, हाथी, अकेला. इंग्रजी वाचकाला ही विशेषनामे आहेत. त्यांचा अर्थ त्याला टिपेवरून कळतो. उलट भंडाऱ्याच्या मुलाला, ज्याच्या घरी झाडीबोली असेल, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी, ही नावे पारदर्शक आहेत. त्याच्या कानावर ‘अकेला’ हे नाव येत नाही, एकटेपणाची अवस्था येते. विशेषनाम पुन्हा सामान्यनाम होते. त्यामुळे पात्राचे व्यक्तित्व विरळ होते आणि ते पंचतंत्रातील ‘एक कोल्हा’, ‘एक सिंह’ यांच्या पंक्तीला जाऊन बसते. वसाहतीतून उचललेले शब्द मालाच्या रूपाने परत आले, आणि परत येताच त्यांनी आपले जुने व्याकरण धारण केले. या पुनरागमनाकडे केवळ सांस्कृतिक आक्रमण म्हणून पाहणे अपुरे आहे. पाहणाऱ्यानेही त्यात काही केले आहे.

तरी या प्रवासात जे गळून गेले त्याची नोंद करावीच लागेल. किपलिंगकडे नदीला नाव होते आणि गोंडाला निदान एक प्रसंग होता. १९६७ मध्ये बालू ज्या नदीत तरंगतो ती कोणतीही नदी आहे. ‘टेलस्पिन’मध्ये नदी नाही, जंगल नाही, माणूसही नाही. विनोदाने कायद्याचे ओझे उतरविले ही जमेची बाजू. पण कायद्याबरोबर ज्यांच्यावर तो लादला गेला ती माणसेही चित्राबाहेर गेली. प्राण्यांची आपापसांतील नाती जितकी मोकळी आणि मजेदार होत गेली, तितके प्राणी आणि माणूस यांच्यातील नाते अदृश्य होत गेले. या दोन घटना एकमेकींपासून सुट्या नाहीत. ज्या जंगलात सरपण, मोह आणि तेंदूपाने गोळा करणारी बाई वाघाच्या वाटेने चालते, त्या जंगलातील वाघ विनोदी करणे अवघड असते.

मराठीत या नात्याचे दुसरे लेखन याच प्रदेशातून झाले आहे. व्यंकटेश माडगूळकर यांनी नागझिऱ्याच्या अरण्यात राहून त्याच नावाचे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली यांचे लेखन वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधच्या परिसरात घालविलेल्या वर्षांवर पोसले आहे. नवेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले. दोघांच्याही लेखनात प्राणी माणसांची भाषा बोलत नाहीत. माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीत वानरांची टोळी आहे, नरांमधील सत्तेची लढाई आहे, पराभूतांची वाताहत आहे. किपलिंगची वानरे कायद्यावाचून म्हणून तुच्छ. डिस्नीची वानरे माणूस होऊ पाहणारी म्हणून हास्यास्पद. माडगूळकरांची वानरे मात्र आपल्याच नियमाने जगतात, आणि तो नियम आपल्याला रुचत नसला तरी समजतो. एकाच प्राण्याच्या या तीन चित्रणांत लेखकाचे त्याच्याशी असलेले तीन प्रकारचे नाते आहे : राज्यकर्त्याचे, करमणूक करणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे.

परंतु पाहणाऱ्याची भूमिकाही निर्दोष नाही. अरण्यलेखनातही स्थानिक माणूस पुष्कळदा वाटाड्या म्हणूनच येतो. त्याला नाव मिळाले, संवाद मिळाले. तरी दृष्टी लेखकाचीच राहिली. आपल्या अरण्यलेखनाच्या समीक्षेने हा प्रश्न विचारल्याशिवाय किपलिंगला किंवा डिस्नीला दोष देण्याचा तिला पुरता अधिकार पोहोचत नाही.

६

या पात्रसमूहाचा प्रवास ‘टेलस्पिन’पाशी थांबला नाही. २०१० पासून हैदराबादच्या डीक्यू एन्टरटेन्मेंट या कंपनीने संगणकीय सचेतपटाच्या तंत्राने ‘जंगल बुक’ची मालिका काढली. छोट्या छोट्या भागांत मोगली, बालू, बघीरा यांच्या हलक्याफुलक्या साहसांची ती मालिका अनेक देशांत दाखविली गेली. भारतीय शब्दांवरून नावे पडलेली पात्रे भारतीय कलावंतांच्या हातून घडली, पण ती जागतिक बाजारासाठी. निर्मितीचे ठिकाण परत आले म्हणून दृष्टीही परत आली, असे म्हणता येत नाही.

दरम्यान वैनगंगेच्या खोऱ्यात खऱ्या वाघाचीही एक कथा घडली. नागझिऱ्यात वाढलेला एक नर वाघ २०१३ मध्ये नदीपलीकडे उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात पोहोचला. त्याचे नाव जय. ‘शोले’ या चित्रपटातील नायकावरून ते ठेवले होते, आणि त्याच्या भावाचे नाव वीरू. त्याला पाहण्यासाठी लोक लांबून येत. २०१६ मध्ये तो नाहीसा झाला आणि पुन्हा सापडला नाही. शेरखान जंगलातून चित्रपटात गेला होता. जय चित्रपटातून जंगलात आला. वाघाला माणसाचे, त्यातही विजोड जोडीतल्या एकाचे नाव देणे, म्हणजे त्याला परिचित नातेसंबंधात बसविणे. ते प्रेमाने झाले यात संशय नाही. पण ज्यांच्या शेतांतून आणि गावशिवांतून तो वाघ चालत गेला, त्यांनी त्याला काय म्हटले असेल? या मुलखात वाघदेवाची ठाणी आहेत. तेथे वाघाला नाव नसते. त्याला नमस्कार असतो आणि त्याच्यापासून अंतर असते. भय आणि आदर एकाच नात्यात नांदण्याची जी शक्यता किपलिंगने अजगराच्या पात्रात पकडली आणि डिस्नीने घालविली, ती त्या ठाण्यांशी आजही जिवंत आहे.

साहित्यसमीक्षेने दूरचित्रवाणीवरील विनोदी सचेतपटांकडे पोरखेळ म्हणून पाहू नये, एवढे या विवेचनातून निघाले तरी पुरे. नाती मांडण्याचे मोठे काम आज हीच संहिता करीत आहे. पालक कोण, मालक कोण, शत्रू कोणाला म्हणावे आणि घर कशाला, याचे पहिले धडे मुले येथे घेतात. ‘टेलस्पिन’ने त्यांपैकी घराचा धडा चांगला दिला, हे मान्य करायला हरकत नसावी, चापट्या मारणाऱ्या पंतोजीपेक्षा चुकणारा, कर्जबाजारी, पण सोडून न जाणारा बालू मुलांना अधिक जवळचा वाटला असेल तर त्यात त्यांची चूक नाही. मात्र त्या घराच्या खिडकीतून नदी दिसत नाही. देवळाच्या दारावर कारल्याची वेल बांधून निघून गेलेल्या त्या मुखियाची बाजू अद्याप कोणत्याही माध्यमात सांगितली गेलेली नाही. ती सांगायची झाली तर ती झाडीबोलीत किंवा गोंडीत सांगितली जाईल. आणि तीत शेरखानाचे नाव शेरखान असेलच, असे समजण्याचे कारण नाही.